एड्लीनने भरलेली काडतुसं

एड्लीन व्होंद्राचेक पिस्तुलाची स्पर्धा जिंकून आली, की नेब्रास्कातल्या आमच्या क्लबात अभिनंदन व्हायचं ते तिच्या नवऱ्याचं. बक्षीस हिच्या हातात, आणि लोक पाठ थोपटणार अल्विनची! ‘काय काडतुसं भरलीस रे अल्विन, मानलं बुवा तुला!’ कारण तळघरातल्या बाकड्यावर बसून शिशाच्या गोळ्या ओतायच्या, दारू मापायची, काडतुसं भरायची, हे काम अल्विनचं. लग्नापासूनचा तसा रिवाजच होता. एड्लीनने त्या बाकड्याला हात लावायचा नाही. तिने फक्त नेम धरायचा आणि चाप ओढायचा.

मिलो काउबेक तर तोंडावर बोलायचा. हा आमच्या क्लबाचा खजिनदार, आणि जिभेला हाड म्हणून नाही. “एड्लीन, अल्विनची काडतुसं दिली ना, तर माझं मांजरसुद्धा दहाच्या वर्तुळात मारेल!” सगळे खो खो हसायचे. अल्विनही हसायचा, आणि एड्लीनला झोंबायचं ते तेवढंच.

एका रविवारी क्लबात सगळे राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खात बसले होते. एड्लीनने वाडगा बाजूला सारला आणि जाहीर केलं, “यंदा राज्याच्या स्पर्धेला माझी काडतुसं माझी मी भरणार.”

“भर की,” अल्विन म्हणाला. “फक्त घर तेवढं जाळू नकोस.”

बोलून तर बसली! आता माघार नाही. त्या स्पर्धेत अल्विनही उतरणार होता, स्वतःची काडतुसं घेऊन. ही हरली असती, तर मिलोचं मांजर जन्मभर हिच्या मानगुटीवर बसलं असतं.

आता अल्विनची पद्धत ऐका. तो पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळायचा आणि पन्नास यार्डांवरच्या कागदावर दहा गोळ्या झाडायचा. ज्या भरणीच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतील, ती भरणी उत्तम. सगळा क्लब हेच करायचा. अल्विनच्या भरणीत दारू सढळ हाताने घातलेली असायची, आणि कागदावरची दहाही भोकं एका अंड्याखाली झाकली जायची. मग वाद कसला घालता?

पण शिकंज्याला दुखत नाही हो! एड्लीनचं मनगट दुखायचं. एका हाताने पिस्तूल धरायचं, आणि दर गोळीला असा धक्का, की दुपारपर्यंत चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायचा, नळी खाली झुकायची. “काडतूस झकास आहे,” अल्विन म्हणायचा. “खोट तुझ्या हातात आहे.” आणि या बाईने ते इतकी वर्षं खरं मानलं! मला तर ऐकूनच संताप येतो.

तिने पहिलं काम केलं ते दारू कमी करायचं, पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत राहून. शिकंज्यातून झाडल्यावर भोकं पसरली. अंड्याखाली काही झाकेनात, त्यांना कोलाचे लागला, म्हणजे आमच्याकडचा तो तळहाताएवढा गोल गोड पाव. अल्विनने कागद उचलून सगळ्यांना दाखवला. “बघा, हिचं बेकरीचं दुकान!” पण दहाचं वर्तुळसुद्धा कोलाच्याएवढंच असतं, हे त्या शहाण्यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्या आलं.

पण एप्रिलमधल्या सरावात फजिती झाली. दहा सेकंदांत पाच बार काढायचे होते. पहिल्याच बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या वरच्या खिडकीतच उभी अडकली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. “अगं, त्यात दारू घातलीस की पीठ?” मिलो ओरडला. एड्लीन घरी आली, तळघरात गेली आणि मनसोक्त रडली.

रडून झाल्यावर तिने पिस्तूल उघडलं. आतली स्प्रिंग अल्विनच्या दणकट काडतुसांच्या बेताची, चांगली ताठ. कमी दारूचं काडतूस तिला पूर्ण मागे ढकलणार कसं? दारू वाढवायची गरजच नव्हती. तिने हलकी स्प्रिंग बसवली, आणि पुंगळ्या टणाटण उडायला लागल्या.

तरी एखादी गोळी उगीचच भरकटायची. अल्विन गोळ्या तोलून घ्यायचा आणि त्यांची टोकं बघायचा. एड्लीनने त्या उलट्या केल्या. अंड्यांच्या वखारीत अंडी तपासण्यात हिचा जन्म गेला होता, तडा बोटाला कळायचा. बुडाच्या कडेवरून तिने नख फिरवलं. कुठे कड गोल झालेली, कुठे बारीकसा टवका गेलेला. नळीतून सगळ्यांत शेवटी निघतं ते बूड. ते वाकडं, तर गोळीही वाकडी जाणार. अर्ध्याहून अधिक गोळ्या तिने पुन्हा वितळायला टाकल्या.

“वेड लागलंय हिला,” जिन्यावरून अल्विन म्हणाला. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

स्पर्धेच्या दिवशी दक्षिणेचा वारा नुसता पिसाटला होता. अल्विन तिच्या शेजारच्याच जागेवर होता. पन्नास यार्डांवर दोघांची बरोबरी झाली. मग पंचवीस यार्डांवरच्या झटपट फेऱ्या आल्या. पिस्तूल उचललं तेव्हा तिचं मनगट सवयीने धक्क्याची वाट बघत होतं, आणि धक्का आलाच नाही, नुसता ढुशी दिल्यासारखा हेलकावा. डोळा उघडाच राहिला. दुसरा बार, तिसरा, पाचवा. एड्लीनला हसू फुटलं. नेम धरताना आनंद होतो, हे तिला त्या वयात कळत होतं!

शेजारी शेवटच्या फेरीत अल्विनची नळी चाप ओढायच्या आधीच खाली झुकायला लागली. तिने ते पाहिलं, आणि पुन्हा आपल्या निशाणाकडे वळली.

निकालाचा कागद लागला. राज्यात पहिली एड्लीन व्होंद्राचेक. दुसरा अल्विन, सात गुणांनी मागे. मिलो धावत आला तो थेट अल्विनकडे. “अरे, काय भरून दिलंस तिला?”

“मी काही नाही दिलं,” अल्विन म्हणाला. “ती उभी आहे तिथे. तिला विचार.”

मिलोने टोपी काढली, खाकरला, आणि विचारलं. तिने सगळं सांगितलं, दारू, स्प्रिंग, गोळीचं बूड, काही हातचं राखून न ठेवता. पाच-सहा जण तोंड मिटून ऐकत होते. एड्लीनची छाती अशी फुगली होती, की जॅकेटची चेन लागेना.

 घरी परतताना मक्याच्या शेतापाशी अल्विनने पिकअप कडेला घेतली आणि बंद केली.

“तुझा हात चांगलाच होता, एड्लीन,” तो समोर बघत म्हणाला. “पहिल्यापासून. माझंच काडतूस तुझ्यासाठी चुकीचं होतं.”

वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणून एड्लीनने खिडकीची काच वर करून बंद केली.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

आणि अल्विन पुन्हा म्हणाला, या वेळी तिच्याकडे बघून.