सुभेदारांचा फेटा आणि उतरत्या छताची गाडी

प्रथम वंदन त्या माथ्याला, जो आपणहून वाकतो. दुसरे वंदन त्या छताला, जे न वाकणाऱ्यालाही वाकवते. आणि सज्जनहो, तिसरे वंदन आमच्या गावच्या सुभेदार नानासोंना, कारण ही कथा त्यांची आहे आणि ती चारचौघांत सांगण्याची मुभा त्यांनीच दिली आहे.

कराडच्या खाली, कृष्णेच्या काठी आमचे गाव. तेथे नानासोंचा ऊस डोलतो आणि नानासो डोलत नाहीत. फौजेने त्यांना पेन्शन दिली आणि एक मान दिली, जी उजवीकडे वळते, डावीकडे वळते, पण खाली वळत नाही. आमच्या देवळाच्या गाभाऱ्याचा दरवाजा ठेंगणा आहे. पूर्वजांनी तो मुद्दाम ठेंगणा ठेवला, की आत येणाऱ्याचा माथा आपसूक लवावा. नानासोंनी त्यावर तोड काढली. ते गुडघ्यात वाकतात. पाठ सरळ, डोके सरळ, नजर थेट देवाच्या नजरेला, आणि गुडघे मात्र बसकण मारल्यासारखे. अशा रीतीने ते आत सरकतात, दर्शन घेतात आणि तसेच उलट पावली बाहेर सरकतात. देव हसत असेल तर गालातल्या गालात हसतो. पाषाणाच्या मूर्तीला ते सोयीचे पडते.

ह्या ताठ माथ्यावर लग्नाकार्यात फेटा चढतो. तो ते स्वतः बांधतात, कडक खळीचा, आणि त्याचा तुरा असा उभा राहतो की मांडवात शिरताना माणसांच्या आधी तोरणाने बाजूला व्हावे. फेट्यावरूनच सगळे बिघडले होते. पाटणला दिलेली त्यांची धाकटी बहीण शालूबाई. तिच्या पुतण्याच्या लग्नात मानाचे फेटे बांधायला घेतले, तेव्हा ध्वनिक्षेपकावर नानासोंच्या आधी दुधाच्या डेअरीच्या चेअरमनांचे नाव पुकारले गेले. नानासोंनी आपला फेटा उतरवला, खुर्चीवर ठेवला आणि पंगतीला न बसताच ते चालते झाले. शालूबाईचे यजमान जोतिबा, म्हणजे नानासोंचे दाजी, यांच्या दारात भर मांडवी रिकाम्या खुर्चीवर तो फेटा राहिला. शुभकार्यात डोके उघडे करून जाणे म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवसापासून शालूबाईला माहेर नाही. भाऊबीज आली आणि गेली, आली आणि गेली.

मग यंदा क्रांतीचे लग्न ठरले. क्रांती म्हणजे शालूबाईची लेक, नानासोंची एकुलती भाची. तिने स्वतः फोन केला.

"मामा, अक्षता पडताना माझ्या मागं तुमीच हुबं ऱ्हायाचं. दुसरं कुणी हुबं केलं, तर मी अंतरपाटाकडं पाठ करून बसंन."

"आगं, पर तुझा बा..."

"बाबांचं एकच म्हणणं हाय. पुन्हा फेटा काढायचा न्हाई, आन दारात आल्यावर त्यास्नी वाकून रामराम घालायचा. मग मागचं समदं मिटलं म्हणत्यात."

नानासोंनी फोन खाली ठेवला. भाचीच्या पाठीशी उभे राहायचे होते. जीव तिच्यावर होता. फेटा डोक्यावरून काढणार नाही, ही शपथ त्यांनी तेथेच घेतली. पण वाकणे? दाजी नात्याने मोठे, वयाने लहान, उंचीने तर त्याहून लहान. रात्रभर विचार करून सुभेदारांनी लढाईचा नकाशा काढला. आपण अशा गाडीतून जायचे, की दाजीच गडबडीने पुढे येईल, दार उघडील आणि दार उघडताना तोच वाकेल. माणसाच्या अहंकाराला, बाबांनो, केवढी ही कल्पकता. तेवढ्या कल्पकतेत एक रामराम सहज बसला असता.

मुलगा ऋषिराज शिरवळच्या कारखान्यात नोकरीला. तो बापाला घेऊन पुण्याला एका मोठ्या विदेशी गाड्यांच्या दालनात गेला. तेथे ती उभी होती.

आणि खोटे का सांगावे, सुंदर होती. पुढून पाहावी तर खिलार खोंडाची छाती. चाके उंच, बांधा उंच. आणि मधल्या खांबापासून मागे तिच्या छताची रेषा अशी उतरत गेली होती, जशी सायंकाळी डोंगराची कड कोयनेच्या खोऱ्यात उतरते, न थांबता, न अडखळता. देवाने माणसाला सौंदर्य पाहणारे डोळे दिले आहेत, त्यांचा दोष नाही. नानासो तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून आले.

"ही मागनं दबलीया काय?"

विकणारा तरुण अदबीने हसला. "सर, ही कूपे स्टाइल. एसयूव्हीची ताकद आणि स्पोर्ट्स कारची नजाकत."

"आन ती पलीकडची, सरळ छताची?"

"बहीणच आहे सर हिची. तिच्यात मागे जागा जास्त, डिकी मोठी, मागची काचही मोठी."

"मग ती म्हाग आसंल."

"नाही सर. ही महाग."

नानासो बोटांवर मोजू लागले. उसाला पाणी किती आणि खत किती, हा हिशेब ज्याच्या रक्तात, त्याला हा हिशेब उलटा वाटला. जागा कमी, डिकी कमी, काच कमी आणि मोल जास्त.

"हे कसं काय?"

"सर, गरज असते ते लोक ती घेतात. हिची गरज कुणालाच नसते."

ह्या एका वाक्याने सौदा झाला. ज्याची गरज नाही ते मिळवणे, याहून मोठी श्रीमंती दाजीला दाखवण्यासारखी दुसरी कोणती? मालकाने मागेच बसायचे असते हे तरुणाने सांगितले, म्हणून नानासो मागे बसून पाहण्यासाठी आत शिरले. आणि येथे, सज्जनहो, चूक घडली. त्या गाडीचे रूप पाहून त्यांना असे भरून आले होते, की नकळत त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. उघड्या डोक्याने बसले. केस आणि छत यांच्यामध्ये एक बोट मावले.

"बसतंय की," म्हणाले.

गाडी गावात आली. पारावरच्या मंडळींनी तिला डोळे भरून पाहिले आणि मग तोंडे उघडली.

"सुभेदार, ऊस लादला व्हता का टपावर? मागनं पार बसलीया."

"आरं, म्हस बसाया लागली की आसंच दिसतंय. म्होरलं पाय अजून हुबं, मागलं टेकलं."

"तुमास्नी न्हाई कळायचं गड्यांनो," नानासो म्हणाले. "ही कूपे हाय."

"व्हय व्हय. कूपनातनंच लागली आसंल."

लग्नाच्या दिवशी सकाळी मामाचा आहेर गाडीत चढवायला आणला. मोठा पितळी हंडा, वर घागर. डिकीचे दार बटणावर आपोआप उघडले, हंडा आत गेला, दार आपोआप मिटू लागले, हंड्याला लागले आणि आपोआप पुन्हा उघडले. ऋषिराजने हंडा आडवा केला, तिरका केला, उपडा केला. दर वेळी त्या दाराने अदबीने नकार दिला. शेवटी हंडा, घागर, फळांच्या करंड्या आणि चार पाहुणे जुन्या जीपमध्ये बसले. जीपने काहीच म्हटले नाही. तिने आजवर खताची पोतीही नेली होती आणि नवरीही नेली होती.

मग नानासो बाहेर आले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर केशरी फेटा, तुरा असा की जणू निशाण. सून अंकिता पुढच्या आसनावर बसली होती, कारण वळणावळणाच्या रस्त्याला तिला मळमळते. ऋषिराज गाडी चालवायला. मागे पत्नी मनुबाई आधीच बसलेल्या. नानासोंनी दार उघडले, पाय आत ठेवला, आणि फेटा बाहेर राहिला.

त्यांनी सवयीने गुडघे वाकवले. पण गाडीचे आसन म्हणजे काही गाभारा नव्हे. तेथे गुडघे आधीच वाकलेले असतात, त्यांना आणखी वाकायला जागा कोठली? कंबर पुढे सरकवली, तर पुढच्या आसनाला गुडघा लागला. सगळे मार्ग खुंटले, तेव्हा जो मार्ग त्यांनी जन्मभर टाळला तोच उरला. हनुवटी छातीला टेकली. फेटा आत आला.

"आवं, काढून मांडीवं घ्या की," मनुबाई म्हणाल्या. "पाटणात उतरताना घाला."

"शपत हाय."

"मग म्होरं बसा. अंकिता मागं यील."

"मालक मागंच बसतो."

"बसतोय खरा," मनुबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

कराड मागे पडले. कोयनेच्या कडेने उसाची शेते हिरवीगार पसरली होती, डोंगर जवळ येत होते, आणि नानासोंना दिसत होती ती स्वतःच्या सदऱ्याची तिसरी गुंडी. प्रत्येक गतिरोधकावर छत खाली येऊन फेट्याला थोपटे, जसा वडीलधारा माणूस पोराच्या डोक्यावर हात ठेवतो. मल्हारपेठ आली.

"आबा, लागत न्हाई न्हवं?" ऋषिराजने विचारले.

"गाडी लय भारी हाय," गुंडीकडे पाहत नानासो म्हणाले. "आवाज सुदिक न्हाई."

पाटणच्या मांडवापुढे गाडी थांबली. पोरे धावली, तरुणांनी मोबाईल काढले. दाजी जोतिबा मात्र मांडवाच्या दारात चार भाऊबंदांसह उभे होते. त्यांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांची नजर त्या दारावर होती, ज्यातून एक माणूस उतरायचा होता. मांडवाच्या कापडाआडून शालूबाई पाहत होती, आणि तिच्या मागे हळदीच्या अंगाने क्रांती. सगळ्यांना ठाऊक होते, की आता मामा ताठ उभा राहिला तर दाजी पाठ फिरवणार, आणि मग हे घर पुन्हा कधी जोडले जाणार नाही.

दार उघडले. उतरत्या छताच्या गाडीतून उतरताना माणसाला आत होता त्याहूनही लवावे लागते. आधी तुरा आला, मग फेटा आला, मग नानासो आले, आणि जमिनीवर उभे राहिले ते तसेच लवलेले. त्यांनी मान वर घेऊ पाहिली. मान आली नाही. ती धरली होती.

नानासोंना दाजींचे पाय तेवढे दिसले. कोऱ्या वहाणा, अंगठ्याला चिखल.

मांडवातल्या माना उंचावल्या. ज्याचा माथा देवापुढे लवला नाही, तो दाजीपुढे लवून उभा आहे. जोतिबांनी रात्री पाठ करून ठेवलेली सगळी कडू वाक्ये घशातच विरघळली.

"नानासो," ते पुढे येऊन म्हणाले, "आवं, येवढं नगा लाजवू. वयानं मी ल्हान हाय. उठा."

"उठवत न्हाई, दाजी."

जोतिबांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. शालूबाई पदर तोंडाला लावून बाहेर आली. ऋषिराज "आबा, मान धर..." इतके बोलला, तोच मनुबाईंनी त्याला असा चिमटा घेतला की उरलेले शब्द त्याने गिळले.

आता पाहा, देवाने सुभेदारांपुढे काय वाढून ठेवले होते. गप्प राहिले असते तर सारे निभावले असते. भाची मिळाली असती, बहीण मिळाली असती, आणि आतला ताठा आतच शाबूत राहिला असता. पण हा माणूस ताठ होता, लबाड नव्हता.

"दाजी," जमिनीकडे पाहत ते म्हणाले, "खोटं बोलत न्हाई. ह्यो मी न्हाई वाकलो. ह्या गाडीनं वाकीवलंय. फेटा बसंना, कराडपासनं असाच आलोय. मान वर हुईना झालीया."

जोतिबांनी डोळे पुसले. मग प्रथमच त्यांनी गाडीकडे पाहिले, बोनेटपासून छतापर्यंत आणि छतापासून मागे, जेथे ती रेषा खाली उतरत जात होती. बराच वेळ पाहिले.

"कितीला घेतली इचारत न्हाई," ते म्हणाले, "पर वसूल झाली बघा."

मांडवातले हसू आवरेना. नानासोही हसले; हसताना मानेत कळ आली, तरी हसले. आणि हसता हसता म्हणाले, "दाजी, गाडीनं निम्म्याला आणून सोडलंय. ऱ्हायलेलं माझं मी करतो." त्यांनी हात खाली नेले आणि दाजींच्या पायांना लावले. गाडी मागे उभी होती, छत मागे राहिले होते. तेवढे शेवटचे वाकणे कोणत्याही यंत्राचे नव्हते.

पांडुरंगा, आम्ही वर्षानुवर्षे टाळ कुटून नम्रतेचे निरूपण केले आणि नानासो पहिल्या रांगेत सरळ बसून ऐकत आले. तुला मात्र कधी संतांचा शब्द वापरावासा वाटतो, कधी परदेशातल्या कोण्या कारागिराने चुकीच्या उंचीवर ठेवलेले छत. तुझी साधने तूच जाणे.

अक्षता पडल्या. क्रांतीच्या मागे मामा उभा होता, फेटा डोक्यावर, मान खाली. मंगलाष्टके संपेपर्यंत त्याने वर पाहिले नाही. सगळे म्हणाले, मामाला गहिवर आला. तोही खरोखरच आला होता.

पाठवणी झाली, पाहुणे पांगले, आणि पुढच्या आठवड्यात शालूबाईला माहेरी आणायला नानासो स्वतः गेले. कराडच्या डॉक्टरांनी त्यांच्या मानेला पट्टा बांधला होता. आयुष्यभर फुकट मिरवलेला ताठपणा आता औषध म्हणून घ्यावा लागत होता. फेटा घरी होता, टोपी हातात होती, आणि बसले होते ते जीपमध्ये. नवी गाडी ऋषिराजने आत्यासाठी वेगळी आणली होती. शालूबाई ठेंगणी. ती मागे बसली आणि म्हणाली, "दादा, ही तर माझ्याच मापानं केलीया."

गाडी निघाली. मागे वळून घराकडे पाहावे म्हणून शालूबाई वळली, तर मागची काच केवढी, चुलीच्या धुराड्याएवढी. तिच्यातून आभाळाची एक चिंधी तेवढी दिसली. दारात उभे राहून हात हलवणारे जोतिबा दिसेनात.

"थांबव रं ऋषिराज," ती म्हणाली.

गाडी थांबली. शालूबाई दार उघडून खाली उतरली, रस्त्यात उभी राहिली, आणि दारातल्या माणसाला पोटभर हात हलवून, चार दिवसांनी येते असे ओरडून सांगून, पुन्हा आत येऊन बसली. मागून जीप येत होती. जीपमध्ये बसलेल्या नानासोंना हे सारे दिसत होते, कारण जीपला पुढे, मागे, दोन्ही अंगांना नुसते उघडे आकाश होते.