अलकनंदामावशीची तपासणी

अलकनंदामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. श्रीरंगकाकांची नोकरी केंद्र सरकारात, म्हणून लग्नानंतर ती दिल्लीला आली. हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे दोन खोल्या घेतल्या आणि करोल बागेतल्या एका खाजगी शाळेत ती सायन्स शिकवू लागली.

१९६८ साली त्या शाळेत मान्यतेसाठी तपासणी होती. मालक हरबन्स सूद यांनी आदल्या संध्याकाळी ओळखीच्या कॉलेजातून मायक्रोस्कोप, तराजू, काचेची भांडी मागवून प्रयोगशाळा सजवली. तपासायला आलेल्या साहेबांनी मावशीला सहज विचारलं, "ये सब कब से है?"

"कल शाम से," मावशी म्हणाली.

साहेब हसले, सूदांबरोबर जेवले आणि मान्यतेची शिफारस करून गेले. आठवड्याभरात मावशीची नोकरी गेली. अनुभवाच्या दाखल्यावर सूदांनी लिहिलं, 'वर्तणूक असमाधानकारक'. तरुण बाईच्या दाखल्यावर हे वाचून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. चार शाळांनी तिला परत पाठवलं. चौथ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं दाखला वाचला आणि मावशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या दिवशी घरी येऊन मावशी काकांना म्हणाली, "सूदांच्या शाळेत मी परत जाणार. तपासायला जाणार."

काकांना वाटलं, रागात बोलतेय, उतरेल. शाळांना मान्यता देणाऱ्या सरकारी कार्यालयात ती परीक्षा देऊन कारकून म्हणून लागली. डबा खाताना नियम वाचायची. वर्ग केवढा हवा, किती मुलांमागे एक नळ, जिना किती रुंद, सगळं तोंडपाठ. खात्याची एकेक परीक्षा देत ती तपासणी पथकापर्यंत पोचली, तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, सूदांचा अर्ज तिच्या टेबलावर आला. त्यांना आता अकरावी-बारावीचे वर्ग हवे होते.

"तुझ्या साहेबांना सांग, या शाळेशी तुझा जुना संबंध आहे," काका म्हणाले. "ते दुसऱ्या कुणाला पाठवतील."

"सांगणार नाही."

"अलका, हे बरोबर नाही."

"मला माहीत आहे," मावशी म्हणाली.

ठरल्या दिवशी ती सहकारी विश्वनाथ यांना घेऊन तासभर आधीच पोचली. फाटकात टेम्पो उभा होता आणि त्यातून खोकी उतरत होती. समोरच्या फुटपाथवर उभं राहून तिनं टेम्पोचा नंबर लिहिला, खोकी मोजली, विश्वनाथांची सही घेतली आणि मग आत गेली.

सूदांनी तिला ओळखलं नाही. अदबीनं प्रयोगशाळा दाखवली. तिथे सायन्सची एक तरुण शिक्षिका उभी होती.

"ये सामान कब से है?" मावशीनं विचारलं.

मुलीनं सूदांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"रहने दीजिए," मावशी म्हणाली. "मैंने खुद देखा है."

मग तिनं १९६८ चं शिक्षकांचं रजिस्टर मागवलं, अकराव्या नावावर बोट ठेवलं आणि सूदांना मोठ्यानं वाचायला सांगितलं. नाव त्यांनी वाचलं. पुढचा 'वर्तणूक असमाधानकारक' हा शेरा वाचून त्यांनी मावशीकडे नीट पाहिलं.

"बहनजी, वो तो बहुत पुरानी बात है."

"जी. रिपोर्ट में सिर्फ़ आज की बात लिखूँगी."

तिनं नऊ पानं लिहिली. एक शब्द खोटा नव्हता. पण अरुंद जिन्यासाठी इतर शाळांना ती सहा महिन्यांची मुदत द्यायची, ती या शाळेला दिली नाही. अर्ज फेटाळला गेला, दहावीपर्यंतची मान्यताही गेली. सूदांनी अपील केलं. दुसरं पथक येऊन गेलं, त्यालाही तेच दिसलं. परीक्षा होईपर्यंत वर्ग चालू ठेवले आणि मग मुलांना जवळच्या सरकारी शाळांत पाठवलं.

एका रविवारी सूद घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"वो स्कूल मेरी ज़िंदगी का काम है."

"मेरा भी काम था," मावशी म्हणाली.

काका पाणी आणायला उठले. "अहो, बसा तुम्ही," ती काकांना म्हणाली. सूद तसेच उठून गेले. काका त्यानंतर महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

शाळा बंद झाली तेव्हा चौदा शिक्षिका घरी बसल्या. ती तरुण मुलगीही त्यांत होती. मावशीनं तिच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला. काही झालं नाही. पुढे ती लग्न होऊन मेरठला गेली, एवढंच कळलं.

मावशी आता दिल्लीतल्याच द्वारका भागात राहते. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मावशी, कधी वाईट वाटतं का गं?"

ती शेव तळत होती. झारा बाजूला ठेवून म्हणाली, "त्या चौदा जणींचं वाटतं. त्यांना मी विचारात घेतलंच नव्हतं."

"आणि सूदांचं?"

"बिल्कुल नाही," ती म्हणाली आणि पुढचा घाणा कढईत सोडला.