मालकांचा अंगठा

कात्रीबाईंनी चौतीस वर्षं एक बिस्किटांचा डबा जपला आणि ज्याच्यापासून जपायचा, त्याच्याच हातात नेऊन दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. शेजारपाजारचे अजून म्हणतात, बाई भोळ्या. भोळ्या कसल्या! बाई आपल्या धंद्याच्या नियमाला चिकटून राहिल्या, आणि त्या नियमानंच त्यांचा घात केला.

कात्रीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकोणिसाव्या वर्षी त्या फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कापायला लागल्या आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता निगेटिव्ह कापणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझा पुढचा सगळा संताप फुकट जाईल. सिनेमाचा संकलक जी कापाकापी करतो ती कच्च्या प्रतीवर. चुकला तर चिकटपट्टी लावतो आणि चहा पितो. त्याचं सगळं पक्कं झालं की ती प्रत समोर ठेवून, काठावरचे बारीक आकडे जुळवून, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह तशीच्या तशी कापायची. ही एकच असते. इथे कात्री चुकली की चुकली, मग कपाळ बडवून घेतलंत तरी उपयोग नाही.

त्यामुळे बाईंच्या खोलीचे कायदे कडक. खालून उजेड येणारं दुधी काचेचं टेबल, भिंतीशी डब्यांची चळत, आणि हातात कायम पांढरे सुती मोजे. बोटाचं तेल फिल्मला लागलं की ठसा उठतो आणि पडद्यावर दरवाजाएवढा दिसतो. बाई नखं वाढवायच्या नाहीत, हाताला क्रीम लावायच्या नाहीत, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायच्या. घरी नवरा चिडवायचा, "ही भेंडी चिरते तीसुद्धा आकडे जुळवून." तोही त्याच लॅबमध्ये, फिल्म धुण्याच्या खात्यात. दोघांचा डबा एक, जेवायची सुट्टी एक. बरं चाललं होतं.

आणखी एक नियम होता, तो लक्षात ठेवा. निगेटिव्ह मालकाची. मालक म्हणजे निर्माता. तिचा कापून उरलेला वीतभर तुकडासुद्धा मालकाचा, आणि त्याच्या सहीशिवाय कुणी प्रत काढायची नाही. बाईंना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, आपण राखणदार. राखणदारानं मालावर हक्क सांगायचा नाही."

तर अशा त्या खोलीत एका दुपारी मालक घुसले. हे मालक त्या वेळचं बडं प्रस्थ. सिनेमाची तारीख जाहीर झालेली, थिएटरं ठरलेली, आणि संध्याकाळपर्यंत निगेटिव्ह छपाईला जायची होती. टेबलावर शेवटचा प्रसंग होता. मुलगा घर सोडून जातो, दारात आई उभी, ती तोंड उघडते, किंकाळी फोडते आणि आत वळते, मागे नुसतं दार. लांबलचक किंकाळी, दिग्दर्शकाचा जीव त्या किंकाळीत.

"अजून इथेच अडकलीस? दाखव काय ते," मालक म्हणाले.

"मालक, हात लावू नका. जोड अजून ओला आहे."

"माझ्याच फिल्मला मीच हात लावू नको?" असं म्हणून त्यांनी यंत्राच्या दातात पकडलेली फिल्म उघड्या हातानं ओढली. टर्र आवाज झाला. किंकाळीचा तुकडा उभा फाटला, पार शेवटपर्यंत. मालकांचा चेहरा असा उतरला की विचारू नका. सेट मोडून झालेला, नटी दुसऱ्या सिनेमाला गेलेली, परत चित्रीकरण शक्य नव्हतं. बाईंनी फाटका भाग काढला आणि जे उरलं ते जोडलं. आईचं तोंड उघडतं, आणि पुढच्या क्षणाला नुसतं रिकामं दार.

छापून आलेली प्रत बघून दिग्दर्शकानं लॅब डोक्यावर घेतली. "किंकाळी कुठाय माझी?" सगळे गोळा झाले. मालकांनी बाईंकडे बोट केलं. "हिनं चुकीचं कापलं." बस, एवढ्यावर बाईंची नोकरी गेली. नंतर जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "बाई, आत्ता गप्प राहा. तारीख महत्त्वाची. आठ दिवसांत तुम्हाला परत कामावर घ्यायला लावतो." बाई गप्प राहिल्या. ते आठ दिवस चौतीस वर्षं झाली तरी संपले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं वर दोर धरून उभं राहायचं!

आणि पुढची गंमत ऐका. सिनेमा लागला तो त्या रिकाम्या दारासाठीच गाजला. किंकाळी न दाखवता दाखवली, काय धाडस, काय समज! मालक मुलाखतींतून सांगायला लागले, "मीच म्हणालो, कापा तिथे." म्हणजे लॅबच्या लोकांत ती कात्रीबाईंची घोडचूक आणि पेपरात ती मालकांची प्रतिभा. दोन्ही गोष्टी एकाच जोडाबद्दल आहेत हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

बाईंना पुन्हा कुठल्याच लॅबनं उभं केलं नाही. "कापण्यात चुकते" हा शिक्का त्या धंद्यात पुसत नाही. त्या घरी शिवणाच्या मशीनवर बसल्या, लोकांच्या पँटी आखूड करून द्यायला लागल्या. नवरा लॅबमध्येच राहिला आणि जेवणाच्या सुट्टीत एकटा डबा खायला लागला. हे सगळं बाईंनी सोसलं. पण एकदा, पाचसहा वर्षांनी, तो ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "रागावू नकोस, पण खरं सांग. तुझ्याच हातून तर नाही ना फाटलं?"

 बाई उठल्या, कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यात तो फाटका तुकडा होता. आयुष्यातली एकुलती एक चोरी. खिडकीच्या उजेडात धरला की आईचं उघडं तोंड दिसायचं आणि त्यावर एक स्वच्छ अंगठ्याचा ठसा, मधोमध तिरकी रेघ असलेला. मालकांच्या उजव्या अंगठ्यावर जुन्या जखमेची तशी रेघ होती, उभ्या लॅबला माहीत होती. नवऱ्यानं पाहिलं, मान खाली घातली आणि भात तसाच टाकून उठला. तो वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण त्यानं विचारलं होतं, हे काही बाईंच्या मनातून गेलं नाही.

यंदा निर्मात्यांच्या संघटनेनं मालकांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला. टीव्हीवर तेच रिकामं दार पुन्हा पुन्हा दाखवायला लागले. बाईंनी शिवण बाजूला ठेवलं आणि मुलीला म्हणाल्या, "मला मालकांकडे जायचंय. मरायच्या आधी एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, सगळ्यांसमोर, की बाई चुकली नव्हती."

मुलगी आईपेक्षा हुशार. "जा. पण आधी त्या तुकड्याचा मोबाइलवर फोटो काढू दे मला."

"मालकाच्या सहीशिवाय प्रत काढायची नाही."

"अगं आई, कसली प्रत घेऊन बसलीस? कसले मालक? त्या माणसानं तुझ्या आयुष्याची माती केली!"

"त्यानं केली म्हणून मी करू? एकदा चोरी केली तेवढी पुरे." आणि डबा पिशवीत घालून बाई निघाल्या. काय बोलावं या बाईला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मालक आता ऐंशीच्या पुढचे. बैठकीत हार, गुच्छ, फोनवर फोन. त्यांनी बाईंना ओळखलं नाही. बाईंनी डबा उघडला, मोजे घातले आणि तुकडा खिडकीशी धरला. मालकांनी चष्मा सरसावला. कितीतरी वेळ बघत राहिले. मग स्वतःचा अंगठा बघितला. आणि अहो, तो म्हातारा रडायला लागला!

"बाई, मी पापी माणूस," ते म्हणाले. "पण आता सांगतो. पुरस्काराच्या दिवशी मंचावरून सांगतो, सगळ्यांसमोर. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. आणि हा तुकडा माझ्यापाशी ठेवा, लोकांना दाखवीन."

निगेटिव्ह मालकाची. बाईंनी डबा त्यांच्या हातात दिला. चौतीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्यांना झालं आणि येताना त्यांनी मुलीसाठी जिलेबी आणली.

समारंभाला पहिल्या रांगेत बाई, शेजारी मुलगी, मागे लॅबमधले उरलेसुरले म्हातारे. मालक मानचिन्ह घेऊन माइकपाशी आले. सिनेमाविषयी बोलले, कष्टांविषयी बोलले, आणि मग म्हणाले, "आज एक गुपित सांगतो." बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला.

"ते रिकामं दार सगळे माझी कल्पना मानतात. खरं असं आहे की, एका गरीब बाईच्या हातून ती फिल्म फाटली. दिग्दर्शक म्हणाला, हिला उभी जाळा. मी म्हणालो, जाऊ दे रे, माणूस आहे, चुकतो. आणि त्या चुकीतच मला सिनेमा दिसला. तो फाटका तुकडा मी आज संग्रहालयाला देतोय. आणि त्या बाई इथे बसल्यात. बाई, मी तुम्हाला तेव्हाच माफ केलं होतं!"

सभागृह उभं राहिलं. प्रकाशाचा झोत बाईंवर आला. बाईंनी तोंड उघडलं, पण टाळ्यांत काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, आणि झोत लगेच परत मालकांवर गेला. मागून लॅबमधल्या एका म्हाताऱ्यानं खांद्यावर थोपटलं. "मोठ्या मनाचा माणूस हो. नाहीतर कोण आठवण ठेवतो?"

मुलगी घरी येईपर्यंत रडत होती. बाई मात्र शांत. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "बोलायचं ते बोलू दे त्याला. तुकडा आता काचेच्या पेटीत जाणार ना? मग अंगठाही तिथेच जाणार. निगेटिव्ह कापणारी बाई मोज्याशिवाय हात लावत नाही, हे धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. आज ना उद्या कुणीतरी जाणता माणूस बघेल आणि विचारेल, हा अंगठा कुणाचा?"

महिन्याभरानं संग्रहालयाचं ते दालन उघडलं. बाई पहिल्याच दिवशी गेल्या. तिथल्या संग्रहपाल बाईंनी ओळखलं, अगत्यानं आत नेलं, पेटीमागचा दिवा लावला. खाली पाटी होती, कापताना चुकून फाटलेला तुकडा. बाई वाकल्या. आईचं उघडं तोंड होतं, फाटलेली कड होती. अंगठा कुठेच नव्हता.

"इथे एक ठसा होता," बाई म्हणाल्या.

"होता ना!" संग्रहपाल बाई हळूच, मायेनं म्हणाल्या. "मालकांनी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. म्हणाले, बाईंच्या अंगठ्याचा डाग राहिलाय, उगाच लोकांत त्यांची शोभा नको, तेवढा काढा. जुना डाग, निघता निघेना. चार दिवस लागले आम्हाला. पण आता काळजी करू नका, कुणाला काही दिसायचं नाही."

बाईंनी पेटी या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग संग्रहपाल बाईंच्या हातांकडे त्यांची नजर गेली. पांढरे सुती मोजे, मनगटापर्यंत, कुठे सुरकुती नाही.

"छान साफ केलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या हातूनसुद्धा इतकं साफ झालं नसतं."