आंघोळ झाली, सगळं ठीक

लेक जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. बाळाचं सगळं विचारून झालं, दोघींचं रडून झालं, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "आता सोयर आहे हं. निखिलला दहा दिवस आणि तुला सव्वा महिना, देवाला हात लावायचा नाही. पण देव पारोसे ठेवू नका, बाहेरचं कुणीतरी बघा पूजेला." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. देवाला हात लावायची माझी इच्छाच उरली नव्हती. अडीच महिने आधी आलेलं, माझ्या नवऱ्याच्या तळहाताला जड न होणारं बाळ काचेच्या पेटीत नळ्या लावून पडलं होतं. आणि रोज सकाळी मी न चुकता ज्याला आंघोळ घालत आले, तो आमचा बाळकृष्ण इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घरी किचनमधल्या कपाटाच्या एका खणात लोण्याचा गोळा धरून मजेत हसत होता. आईने लग्नात दिलेला, पितळेचा, जेमतेम बोटभर. मनात म्हटलं, राहा आता पारोसा.

ते दिवस आठवले की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. डोहाळजेवण पुढच्या शनिवारी होतं. एडिसनला राहणाऱ्या मैत्रिणीने पाठवलेल्या हिरव्या बांगड्या खोक्यातच राहिल्या. बाहेर बर्फ पडत होता आणि मी दिव्यांच्या रांगेखालून कुठेतरी ढकलली जात होते, एवढं आठवतं. मग मांजराच्या पिल्लाएवढा एक आवाज, आणि कुणीतरी म्हणालं, मुलगी. मी तिला पाहिलं ती थेट काचेतून. तिच्या डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी होती, कुण्या अनोळखी बाईने विणून हॉस्पिटलला दिलेली. माझ्या लेकीचं पहिलं लेणं कुणाच्या हातचं, ते मला आजही माहीत नाही.

त्या खोलीत दिवस आणि रात्र वेगळी नव्हतीच. मंद उजेड, यंत्रांची एकसुरी गुणगुण, हलक्या पावलांनी फिरणाऱ्या नर्स. आणि मधूनच तो अलार्म. लेक श्वास घेता घेता थांबायची. चेहरा राखाडी व्हायचा, मॉनिटरवरचे आकडे उतरत जायचे. मग ग्लोरिया नावाची आमची नर्स पेटीच्या खिडकीतून हात घालून तिच्या तळव्यावर बोट घासायची, की ही दचकून पुन्हा श्वास घ्यायला लागायची. मी विचारलं तेव्हा ग्लोरिया अगदी सहज म्हणाली, "इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात. आम्ही आठवण करून देतो. थोडी मोठी झाली की विसरणार नाही." मला मात्र तेवढंच ऐकू आलं, की माझं बाळ श्वास घ्यायचं विसरतं. त्या दिवसापासून तिला हात लावायचा माझा धीर खचला. निखिल तिला छातीशी घेऊन बसायचा. नर्स मलाही रोज विचारायच्या आणि मी रोज म्हणायची, उद्या. माझ्या हातात असताना ती विसरली तर, या एका विचाराने मी हात मांडीवर दाबून बसून राहायची.

इकडे निखिलने सासूबाईंच्या सांगण्यावरून मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, दहा दिवस आमच्या देवाची पूजा कुणी करेल का. उत्तर आलं ते कधी न पाहिलेल्या एका काकांचं. निवृत्त इंजिनियर, इथे आयुष्य गेलेलं, दोन वर्षांपूर्वी काकू वारल्यापासून एकटेच राहणारे. बर्फ तुडवत घरी आले आणि निखिलला म्हणाले, "पूजा मला येत नाही, स्ट्रेट सांगतो. ते डिपार्टमेंट बायकोचं होतं. पण आंघोळ घालू शकतो. रोज ड्राइव्ह करणं या बर्फात जमेल असं नाही, घरी नेऊ का याला?" आणि कोटाच्या आतल्या खिशात बाळकृष्णाला घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला: आंघोळ झाली, सगळं ठीक. सोबत फोटो. टेबल लॅम्पच्या उजेडात, घडी केलेल्या नॅपकिनवर आमचा बाळकृष्ण. मी पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. पण मेसेज रोज येत राहिला, त्याच शब्दांत. नंतरच्या एका फोटोत बाळकृष्णाच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. खाली लिहिलं होतं, "जुन्या हातमोज्याचा अंगठा कापला. फार थंडी आहे." मी काचेतल्या पिवळ्या टोपीकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि बाळ झाल्यापासून पहिल्यांदा मला हसू आलं. हसता हसताच रडले. दुसऱ्या दिवशी मेसेजला जरा उशीर झाला, तर माझा जीव कासावीस झाला. ज्याला पारोसा राहा म्हटलं होतं, त्याच्या आंघोळीची मी वाट बघत होते.

दहा दिवस सरले तरी काकांनी देव परत आणला नाही आणि आम्हीही मागितला नाही. एका दुपारी ते हॉस्पिटलच्या लॉबीत आले, अळिवाचे लाडू घेऊन. यूट्यूबवर बघून केलेले. लाडू इतके टणक होते की टेबलावर ठेवताना डबा खडखडला. मग त्यांनी कोटाच्या खिशातून बाळकृष्ण काढून डब्याशेजारी ठेवला. "घरी एकटा कशाला ठेवायचा, म्हणून आणला. घे, तुझा तुला."

"काका, मला सव्वा महिना चालत नाही," मी म्हटलं.

"हो का? मला हे रूल्स माहीत नाहीत. मग राहू दे माझ्याकडे." त्यांनी बाळकृष्णाला पुन्हा स्वतःकडे ओढून घेतलं. "खरं सांगू का बेटा, पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते! ओलं पितळ, तो सिंक, निसटला तर काय सांगू तुम्हाला? दहा मिनिटं नुसता उभा होतो. मग म्हटलं, अरे, भीती मला वाटते, त्यात याचा काय दोष? याला का पारोसा ठेवायचा?" टोपी सारखी करत ते म्हणाले, "ही गेली तेव्हा आमचे देव मी कापडात बांधून वर ठेवून दिले होते. परवा तेही काढले. आता सगळ्यांची आंघोळ होते. लाइन लागते सकाळी."

मी लाडवांचा डबा उचलला. दुरूनच नमस्कार केला आणि लिफ्टने वर आले. देवाला हात लावायला मला मनाई होती. लेकीला लावायला कुणीच केली नव्हती.

हात धुऊन पेटीजवळ बसले तोच अलार्म वाजला. ग्लोरिया शेजारच्या बाळाला दूध देत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, या वेळी तू आठवण करून दे." मी उठले. खिडकी उघडली, हात आत घातला. तिचं पाऊल माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं होतं. त्यावर बोट टेकवलं, घासलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाय झटकला गेला, छाती वर आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या ओठांवर रंग परतला. मी तशीच तिच्या पायावर बोट ठेवून उभी राहिले. देवाच्या पायाला हात लावल्यावर जे वाटायला हवं असं लहानपणापासून ऐकलं होतं, ते मला तिथे वाटलं. मी नसते तर ग्लोरिया दोन पावलांत आलीच असती, हे मला ठाऊक आहे. चमत्कार वगैरे मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी लेक पहिल्यांदा माझ्या छातीवर झोपली, एवढंच सांगते.

बर्फ वितळता वितळता ती घरी आली, आणि तिच्या पाठोपाठ काकांच्या खिशातून बाळकृष्णही. आता लेक चार वर्षांची आहे. सकाळी आंघोळ तीच घालते आणि मी न सांगता टोपीही घालते, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. टोपी तीच, हातमोज्याच्या अंगठ्याची. काका रविवारी जेवायला येतात. त्या लाडवांचा विषय मी काढला की ते घाईने वरण वाढून घेतात.

दुपारी ती गाढ झोपली आणि फारच शांत वाटली, तर अजूनही मी हळूच तिच्या तळव्याला बोट लावते. ती पाय आखडून घेते आणि झोपेतच वैतागते, "आई, स्टॉप इट!" मला तेवढं पुरतं. श्वास देणारा वेगळा आहे, ते काम त्याने माझ्याकडे कधी दिलंच नव्हतं. माझ्याकडे तिचं पाऊल दिलं आहे. मी त्याला हात लावते आणि मनात म्हणते, सगळं ठीक.