कारध्याच्या वड्या आणि पुण्याचा नियम

माझ्या मावसभावाइतका नियमाला धरून चालणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि तो नियम नेमका काय, हे मला आजतागायत धड कळलेलं नाही. गडी कारध्याचा, नोकरी पुण्यात. सर्व्हर मानकांप्रमाणे वागतात की नाही, हे तपासायचं त्याचं काम. म्हणे ब्राउझर एक पान मागतो, तर सर्व्हर सोबत लागणाऱ्या चार गोष्टी न मागताच पाठवून देतो. पण ब्राउझरनं सुरुवातीलाच नको म्हटलं असेल, तर सर्व्हरनं मुकाट्यानं हात आवरायचा. मी मान डोलावतो, डोक्यात काडीचा उजेड पडत नाही. एवढ्यासाठी पगार देतात, म्हणजे काहीतरी असेलच बुवा.

बरं, हे त्यानं कचेरीत ठेवावं ना! कोंढ्याला एका लग्नात आम्ही वरपक्षाकडून गेलेलो, तर पंगतीला बसल्याबसल्या यानं सांगून टाकलं, की भात पुन्हा नको. आपल्याकडे नको म्हणणारा पाहुणा लाजतोय असं समजून दुप्पट वाढतात. तसंच झालं. हा पानावरून उठला आणि पहिला नकार तो मागे घेईपर्यंत कसा पाळायचा, हे वाढप्याला समजावू लागला. वरपक्ष रुसला असं वाटून नवरीचा मामा हात जोडत धावला. राग नाही, फक्त मानक मोडलं, असं यानं सांगितल्यावर मामा आणखीच घाबरला. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

मावशीलाही त्यानं सोडलं नाही. ती कुणी पुण्याला निघालं की चिन्नोर तांदूळ, लाखोळीची डाळ, कोहळ्याच्या वड्या लेकासाठी म्हणून त्याच्या गळ्यात मारायची. दिवाळीत यानं तिला समोर बसवून बजावलं, की मागितल्याशिवाय काही पाठवायचं नाही. मावशी बरं म्हणाली आणि नवल म्हणजे तिनं ते पाळलं.

परवा त्याचा फोन आला. आवाज पार पडलेला. "दादा, आई काहीच पाठवून नाही राहिली."

मी म्हटलं, मग माग ना बाबा, नकार मागे घेता येतो असं तूच सांगतोस.

"मागतल्यावर आलं तं ते नुसतं उत्तर झालं, दादा. मले तिनं आपल्या मनानं पाठवलेलं पायजे."

काल कारध्याला गेलो. मावशीनं वड्यांचा डबा भरून ठेवलेला. दारातच तिनं विचारलं, "त्यानं काही मागतलं का रे?"

हो म्हणावं तर त्याला हवं ते हातचं जातं. नाही म्हणावं तर तिचं तोंड पाहवत नाही. मी आपलं चहा टाक म्हणालो. तिनं चहाबरोबर त्याच्या डब्यातल्या वड्याही तळून माझ्यापुढे ठेवल्या. मला भूक नव्हती, पण मी नको म्हणालो नाही.