दार ऐकणारा दिवा

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरातला मुका झालेला रेडिओ बोलता करायला म्हणून तिने उघडला आणि सगळ्या बिल्डिंगचे दिवे घालवले. त्या दिवशी मोठ्या बहिणीने तिला ठिणगी म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी सहीपुरतं उरलं होतं. पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, तरी ठिणगी ती ठिणगीच.

ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असे. दुकानातले रिकामे डबे घरी येत आणि त्यांत तिचं दुसरं दुकान मांडलेलं असे. खोकल्याच्या डब्यात रेझिस्टर, पित्ताच्या डब्यात तारांची वेटोळी, जीवनसत्त्वांच्या बाटलीत बारके बारके दिवे. नवरा छापखान्यात कामाला, स्वभावाने गरीब गाय. एकदा त्याचं डोकं दुखत होतं, त्याने डोकेदुखीचा डबा उघडून एक गोळी हातावर घेतली. पाण्याचा पेला तोंडाशी गेल्यावर त्याला दिसलं, की गोळीला दोन पाय आहेत.

"या घरात आजारी पडायचीसुद्धा सोय नाही," एवढंच तो म्हणाला.

ठिणगीने आजवर केलेल्या वस्तूंपैकी धड चाललेल्या एका हातावर मोजता आल्या असत्या. पाऊस आला की ओरडणारी पेटी शेजारणीने अंघोळ केली तरी ओरडायची. पण वस्तू बिघडली म्हणून ती कधी खट्टू झाली नाही. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे हुडकण्यात तिला जी मजा यायची, ती वस्तू चालण्यात नव्हती. बिघाड ही तिची करमणूक होती. या एका वेळेपर्यंत.

ही वेळ आली ताईपायी. ताई म्हणजे तिला ठिणगी म्हणणारी तीच मोठी बहीण. ती दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. हळूहळू तिचे कान गेले होते. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून तिला सगळं कळे, कधीकधी न बोललेलंही कळे. पण पाठ फिरली की संपलं. दाराला घंटी होती. पण ताईला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे घंटी वाजवून काय उपयोग, असा शहाणा विचार करून लोक दार बडवत. जसं काही ते तिला ऐकू येणार होतं!

एके दिवशी दादा, म्हणजे या दोघींचा थोरला भाऊ, बराच वेळ दारात उभा राहिला. हाका मारल्या, बंद खिडकी वाजवली, शेजारी जमले. शेवटी त्याने आणि शेजाऱ्याने मिळून कडी तोडली. आत ताई दाराकडे पाठ करून शांतपणे एका झग्याला झालर लावत होती.

दादा मटकन खाली बसला. जिवात जीव आल्यावर रागावला. "बस्स झालं. ही खोली सोडायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. रविवारी मी टेम्पो घेऊन येतो."

ताई त्याच्या ओठांकडे पाहत होती. "माझं मशीन?"

"तिकडे जागा कुठे आहे? आणि आता शिवायची गरज काय तुला?"

ताईने फक्त मशीनवर हात ठेवला. ठिणगी तिथेच उभी होती. तिला ते पाहवेना.

"दादा, रविवारपर्यंत मला वेळ दे," ती म्हणाली. "दार वाजलं की दिवा लागेल असं काहीतरी मी करते."

"तुझी पावसाची पेटी पाहिली आहे मी," दादा म्हणाला.

"ती तर अंघोळीलाही चालते! मी म्हणते, बघ तरी."

दादा वाईट नव्हता. भ्यालेला होता. जाताजाता त्याने मान हलवली, तीही धड हो अशी नाही.

ठिणगीच्या डोक्यात चित्र स्पष्ट होतं. गाणाऱ्या खेळण्यात एक पितळी चकती असते. ती दाराला चिकटवली की दारावरचा ठोका तिला जाणवतो. चकतीत उठलेली विजेची बारीकशी लहर ट्रान्झिस्टर मोठी करतो आणि तिच्या जोरावर ताईच्या मशीनशेजारी लाल दिवा लागतो. ठोका पडला की लुक, ठोका पडला की लुक. चकती मिळाली, दिवे बाटलीत होतेच, जुन्या फोनचा चार्जरही होता. अडलं ते ट्रान्झिस्टरपाशी. सर्किटच्या चित्रात जो दिला होता तो घरात नव्हता.

सुटे भाग विकणारे काका जुन्या बाजारात एका बोळकांडीत बसत. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाइकाने आत यायचं तर काकांनी श्वास रोखायचा. काकांनी चार खण उघडले, मिटले.

"तो नंबर संपला बाई. हा घ्या. काम तेच करतो."

ठिणगीला हे वाक्य पाठ होतं. दिवसातून कितीतरी वेळा ती स्वतः हेच सांगायची: कंपनी वेगळी, औषध तेच, बिनधास्त घ्या. तिने ट्रान्झिस्टर उचलला, पैसे ठेवले आणि निघाली. मागून काका "अहो बाई, जरा—" असं काहीतरी म्हणाले. पण तिला औषधाचं दुकान गाठायचं होतं आणि बदली मालातलं तिला कोण शिकवणार?

संध्याकाळी तिने सोल्डर मारून सगळं जोडलं आणि ताईच्या दाराला, नव्या कडीशेजारी, चकती डकवली. बाहेर जाऊन दणादण दार वाजवलं. आतून ताईचा आवाज आला, "लागला! अगं लागला!" ठिणगीने आणखी बडवलं. दिवा लागत राहिला. दोघी बहिणी हसल्या, ताईने तिला मिठी मारली, आणि ठिणगी अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन घरी गेली.

दुसऱ्याच दिवशी दादा सहज बघायला आला. आता दादाची गंमत अशी, की त्याचा स्वभाव भिडस्त. तो दार वाजवतो ते दाराची माफी मागितल्यासारखं: टक, मग थांबतो, त्रास तर नाही ना झाला असा विचार करतो, मग टक टक. त्याने वाजवलं. पुन्हा वाजवलं. दिवा ढिम्म. ताई आत काज करत बसली होती. शेवटी शेजाऱ्याने खिडकीतून काठी आत घालून तिच्या खांद्याला लावली, तेव्हा कुठे दार उघडलं.

"दणका दिला की चालतो," ठिणगी त्याला फोनवर म्हणाली.

"दणका देऊन तर मीही दार उघडलं होतं," दादा म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ठिणगे, मी वाईट ठरतोय हे कळतंय मला. पण ती कडी तोडताना माझ्या मनात काय काय आलं, ते तुला नाही कळायचं."

ते तिला कळत होतं. म्हणूनच या खेपेला बिघाड शोधताना तिला मजा वाटेना. तिने दिवा बदलला. चार्जर बदलला. चकती काढून दुसरी लावली, गोंद बदलला, तारा आखूड केल्या. घरी फळीवर सगळं मांडून तिने नवऱ्याला ठोके द्यायला बसवलं. तो बिचारा कामावरून येऊन, हातपाय धुऊन फळी वाजवायचा.

"हळू."

टक.

"जरा जोरात."

टक!

"आणखी जोरात."

धाड! दिवा लागला.

"हा दिवा बहिरा आहे," नवरा हात झटकत म्हणाला.

दिवा पूर्ण बंद असता तरी बरं झालं असतं. पण तो मधूनच लागायचा आणि आशेला लावायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं चाललं होतं. ट्रान्झिस्टरकडे मात्र तिने संशयाने पाहिलंच नाही, कारण तो नवाकोरा होता, आणि काम तेच करतो, असं काकांनी सांगितलं होतं.

शुक्रवारी ती ताईकडे गेली तर ताई रिळं गोळा करत होती. लाल लालमध्ये, निळं निळ्यात, बॉबिन वेगळ्या पिशवीत. चेहऱ्यावर काही नाही.

"हे काय चालवलंयस?" ठिणगीने तिच्यासमोर येऊन विचारलं.

"आवरतेय. आयत्या वेळी घाई नको." मग ठिणगीचा चेहरा बघून तीच म्हणाली, "तू वाईट नको वाटून घेऊस गं. तू केलंस हेच पुष्कळ आहे."

हे ऐकून ठिणगीला रडू आलं. तिची वस्तू फसली की ताई नेहमी खदखदून हसायची. तिने पहिल्यांदाच समजूत घातली होती.

शनिवारी सकाळी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी गोळ्यांची पट्टी काउंटरवर आपटली. "तुम्ही बदली दिलेली ही गोळी. काडीचा गुण नाही! म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण नावापुरता."

ठिणगीने पट्टी पाहिली. "घेता कधी आजोबा?"

"जेवणानंतर. पहिली घ्यायचो तशीच."

"अहो, औषध तेच असलं तरी ही वेगळ्या बनावटीची आहे, ही रिकाम्या पोटी घ्यायची! मी सांगत होते तुम्हाला त्या दिवशी. मागून हाका मारल्या. तुम्ही थांबलातच नाही, गोळ्या उचलल्या आणि—"

ती बोलायची थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"आणि काय?" आजोबा म्हणाले.

"आणि चालू लागलात," ती सावकाश म्हणाली. "मीसुद्धा तेच केलं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आजोबांना काहीच उमगलं नाही. पण बाईंनी इतकी मनापासून चूक कबूल केली म्हटल्यावर त्यांचा राग ओसरला.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बोळकांडीत पोचली. धापा टाकत तिने सगळं सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मी हाक मारली होती बाई. काम तेच, पण पायांचा क्रम उलटा आहे याचा. मधला पाय मध्येच, कडेचे दोन अदलाबदल. काढा, तोंड फिरवा, पुन्हा लावा."

"पण मग चालत कसा होता? जोरात वाजवलं की चालतो!"

"उलटा लावला तरी थोडासा चालतो. तिथेच तर माणूस फसतो," काका म्हणाले. "मुळीच चालला नसता, तर तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडायला आला असता." आणि एक जादा हाताशी असावा म्हणून त्यांनी आणखी एक ट्रान्झिस्टर पुडीत बांधून दिला. या वेळी त्यांचं सगळं बोलणं संपेपर्यंत ठिणगी हलली नाही. काकांनी दोनदा सांगितलं, तिने दोनदा ऐकलं.

संध्याकाळी घरी येऊन तिने जुने टाके वितळवले, ट्रान्झिस्टर उपटला आणि फिरवून बसवला. नवऱ्याने सवयीने मूठ उगारली.

"नको. नखाने वाजव," ती म्हणाली.

त्याने फळीवर नख टेकवलं. दिवा लागला. नवऱ्याने नख पुन्हा टेकवलं, पुन्हा लागला, मग तो लहान मुलासारखा फळी खाजवतच बसला.

रविवारी सकाळी ठिणगी ताईच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. मशीनशेजारी दिवा, दाराला चकती. बांधलेल्या पिशव्या भिंतीशी ओळीने. ताई हट्टाने मशीनवर बसली होती, दाराकडे पाठ करून. एक गिऱ्हाईक अडलंय म्हणाली. ते खरं नव्हतं. तिला शेवटचं शिवून घ्यायचं होतं. बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज झाला तरी ठिणगीने ताईला खूण केली नाही. पावलं दाराशी आली.

दिवा लुकलुकला. एकदा. मग थांबला. मग दोनदा, घाबरत घाबरत.

ताईचे पाय मशीनच्या पायट्यावर थबकले. ती उठली नाही. दिव्याकडे बघत राहिली. पुन्हा एकदा लुक, मध्ये अंतर, पुन्हा दोनदा. तिच्या चेहऱ्यावर आधी आठी पडली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना पडते तशी. मग ती आठी विरली आणि ताई एवढ्या मोठ्याने हसली की टेम्पोवाल्यानेही ऐकलं असणार. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कुठे कळतं?

"अगं, हा तर दादा!" ती ओरडली. "दाराची माफी मागतोय मेला! अजून तसाच वाजवतो!"

बाहेरचा ठोका मध्येच थांबला.

ताईने दार उघडलं तेव्हा दादा हात तसाच वर धरून उभा होता. डोळे भरून आले होते. "माझा ठोका ओळखलास तू?" तो म्हणाला, आणि त्याचे ओठ इतके थरथरत होते की ताईला दोनदा बघावं लागलं.

"दुसरं कोण वाजवतं असं?" ती म्हणाली. "किती वर्षांनी ऐकला रे."

दादाने भिंतीशी ओळीने ठेवलेल्या पिशव्या पाहिल्या, दिवा पाहिला, कोपऱ्यात रडणारी ठिणगी पाहिली. टेम्पोवाल्याने बाहेरून विचारलं, सामान कधी काढायचं? दादा त्याला काय म्हणाला ते आत ऐकू आलं नाही, पण टेम्पो सुरू झाल्याचा आणि गल्लीबाहेर गेल्याचा आवाज आला. मग दादाने बाहेर उभ्याउभ्याच दार हळूच ओढून घेतलं.

ताई धावत मशीनपाशी जाऊन पाठ करून बसली. ठिणगीने रिळांच्या पिशवीची गाठ सोडली. बाहेरून दादाने पुन्हा दार वाजवलं.