पुढच्या गेटनं

“लेबरचं गेट मागं आहे. इथं पालकांची वाट अडवू नका.”

विद्यापीठाच्या पुढच्या गेटवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले सर माझ्या वडिलांना असं म्हणाले. पालकांची वाट! मग माझे वडील कोण होते?

बारावीनंतर मी कॉलेजं बघत होते. संत तुकाराम नगरात एक छोटं होतं, घरच्यांना बरं वाटणारं. पण आमच्या मोशीत इंद्रायणीवर फेस तरंगतो तो कशानं, हे मला शिकायचं होतं. तो विषय या मोठ्या विद्यापीठात होता. त्या दिवशी ते मुलांना आणि पालकांना आत फिरवून दाखवणार होते.

बाबांनी कंपनीचा युनिफॉर्म घातला होता. कडक इस्त्रीचा. आमच्या गल्लीत चाकणच्या कंपनीचा शर्ट लग्नाला चालतो, मुलगी बघायला जातानाही चालतो. माणूस परमनंट आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. इथं त्याच शर्टानं घात केला.

बाबा म्हणाले, “पोरीच्या कॉलेजसाठी आलाव, साहेब.”

सरांचं लक्ष मागच्या गाडीकडे. गाडीतल्या बापलेकीला त्यांनी हसून आत सोडलं.

बाबा वळले. भिंतीच्या कडेनं चालू लागले. मीही मागोमाग. भिंत संपेचना. एवढं मोठं असतं? यात मी हरवेन. सगळे इंग्रजीत बोलतील, मला हसतील.

मागच्या गेटवर मुकादमानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “हिला झाडूला टाकू.”

बाबा कसनुसं हसले. त्या हसण्याची मला भिंतीपेक्षा जास्त भीती वाटली. उद्या मीही अशीच हसेन.

“बाबा, पुढच्या गेटनं जाऊ.”

“आतच जायचंय न्हवं? कुठूनबी गेलं तर काय हुतंय?”

“मी इथून जाणार नाही.”

बाबांना घेऊन मी परत पुढच्या गेटवर आले. सरांसमोर उभी राहिले. “हे माझे वडील. पालक आहेत. मला इथं शिकायचंय. बाजूला व्हा.”

“आवाज कमी कर,” सर म्हणाले. पण सरकले.

आत प्रयोगशाळा बघितली. फारसं काही कळलं नाही. भीतीही गेली नाही. उद्या प्रवेश घ्यायचाय. बाबा म्हणतात, उद्या साधा शर्ट घालतो. मी युनिफॉर्मला इस्त्री करून ठेवलीय. तोच घालून ते माझ्याबरोबर पुढच्या गेटनं येतील. कुणी अडवलं तर मी पुन्हा तेच बोलेन. आणि आवाज कमी करणार नाही.